रुंद तोंडाची फुलदाणी

माझ्या कपाटात बाबांनी कातलेल्या लाकडी फुलदाण्या ओळीने मांडल्या आहेत. एकही वारशाने आलेली नाही. सगळ्या जुन्या बाजारात घासाघीस करून, पदरमोड करून परत आणल्यात. नवरा म्हणतो, "स्वतःच्याच बापाचा माल विकत घेणारी बाई पहिल्यांदाच बघतोय." बघू दे.

बाबा लेथवर काम करायचे. हात कसले, फावडीच! फुलदाणीच्या तोंडातून ते आत जायचे नाहीत. म्हणून आतून मेण लावायचं काम माझं. शाळेतून आलं की फडकं घ्यायचं, मनगटापर्यंत हात घालायचा आणि घासत बसायचं.

"आत कोण बघणार आहे?" मी कुरकुरायचे.

"तू बघतेस की," बाबा म्हणायचे.

प्रत्येक फुलदाणीच्या बुडाशी तापल्या सळईने साल डागलेलं आहे. सालवार मांडल्या की दिसतं, तोंडं दरवर्षी रुंदावत गेलीत. फुलं उभी राहत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. आई तर डोक्याला हात लावायची. "ही फुलदाणी आहे की बादली?" पण बाबा एकदा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

मग मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बाबा एवढंच म्हणाले, "जा." त्यानंतर अबोला. मीही त्यांचीच लेक, मीही तोंड उघडलं नाही. वर्षभरात ते गेले आणि आईने उरलासुरला माल विकून टाकला. शेवटपर्यंत ते माझ्यावर रागावलेलेच होते का, हे विचारायचं राहून गेलं. रागात असले की त्यांचं हत्यार घसरायचं, लाकडावर ओरखडे उठायचे. म्हणून त्या शेवटच्या सालची एक तरी फुलदाणी मला बघायची होती.

परवा जुन्या बाजारातल्या दुकानदाराने बोलावून घेतलं.

"ताई, आधीच सांगतो, ही आतून कच्ची आहे. बाहेरून काम बघा कसं गुळगुळीत, आणि आत मेणाचं बोटसुद्धा नाही. म्हातारा कंटाळला असेल."

मी बूड पाहिलं. तेच साल. बाहेर एक ओरखडा नाही. मग आत हात घातला. मनगटापर्यंत सहज गेला, ना घट्ट ना सैल. बोटांना लाकूड खरखरीत लागलं. एवढी वर्षं मी त्याला हट्ट समजत होते. तोंडं रुंदावत होती, कारण माझा हात वाढत होता. आणि ही त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, रडले.

"ताई, थोडे कमी करतो ना!" दुकानदार घाबरला.

"एक पैसा कमी करायचा नाही," मी डोळे पुसत दटावलं.

घरी आल्या आल्या मेणाचा डबा शोधला, फडकं घेतलं आणि खाली बसले. स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली, "अगं, जेवण गार होतंय."

"तू घे जेवून," मी म्हटलं. "बाबांनी सांगितलेलं काम राहिलंय."