चहा न पिणारी सून

आमच्या घरात चार पिढ्या चहाचा धंदा. जपानमधल्या शिझुओकाच्या डोंगरात मळा, घरामागे पानं वाफवायचा कारखाना. आणि माझी बायको मिसाओ मॉर्मन पंथाची ख्रिस्ती. त्यांच्या पंथात चहा चालत नाही.

लग्नाच्या वेळी माझे वडील, तोकुजी, तिला म्हणाले होते, "मळ्यात राहायचं आणि चहा प्यायचा नाही?"

"पिणार नाही, बाबा. बाकी सगळं करीन."

तिनं केलंही. पण पंचवीस वर्षं वडील पाहुण्यांना सांगत राहिले, "आमच्या सूनबाई पाहुण्याच. गरम पाणी पितात."

मग एका हिवाळ्यात वडिलांना मोठा ताप आला आणि त्यांना वास येईनासा झाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वसंतातली पहिली पानं वाफेवर चढली तेव्हा मिसाओ मशीनपाशी थांबली. "बाबा, वाफ जास्त झालीय."

"तुला काय कळतंय?"

वडिलांनी वाफ तशीच चालू ठेवली. तो सगळा घाणा वाया गेला. संध्याकाळी वडिलांनी तिच्यापुढे पानांच्या दोन वाट्या ठेवल्या. "यातली कच्ची कुठली?"

तिनं वास घेतला. "डावीकडची."

त्या दिवसापासून वाफ कधी थांबवायची ते ती सांगू लागली.

जूनमध्ये व्यापारी आला. त्यानं मिसाओपुढे कप सरकवला. ती नको म्हणाली, तसा तो हसला. "चहा न पिणारी बाई चहा करते?"

वडिलांनी तो कप ओढून घेतला. "मला वास येत नाही, ही पीत नाही. दोघं मिळून एक चहावाला होतो. घ्यायचा तर घ्या."

त्यानं माल घेतला. मिसाओ आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तीन वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. एके दुपारी त्यांनी तिला विचारलं, "मी गेल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात माझा चहा कोण ठेवणार?"

"मी ठेवीन."

"हात जोडशील?"

"माझ्या देवापुढे जोडीन. तुमच्यासाठी."

"चालेल," वडील म्हणाले. "पाणी फार कढत घेऊ नकोस. कडू होतो."

ते ऑगस्टमध्ये गेले. मिसाओ रोज सकाळी कप ठेवते. रविवारी तिला पहाटेच चर्चला निघावं लागतं, म्हणून त्या दिवशी मी ठेवतो.