एका कडीतली दोन कुलपे

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे आणि मत्सरी आहे. पहिली गोष्ट माझ्या अंगावरच्या ओरखड्यांवरून कोणालाही कळते. दुसरी मी स्वतःहून सांगते.

एका कारागिराने मला कानशीने घासून घडवले. पुढे शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला आपल्या भाड्याच्या दुकानाला लावले. किल्ली त्यांच्या कमरेला, दुकान त्यांच्या ताब्यात. ‘ताबा’ या शब्दाला याहून अधिक अर्थ असतील, अशी मला शंकाही नव्हती.

मग घरमालकाने इमारत विकली. ती विकत घेणाऱ्या शेटनी काकूंना न विचारता माझ्याच कडीत दुसरे कुलूप अडकवले. पोलादी, चकचकीत. येणारा-जाणारा म्हणे, “वा, काय दणकट आहे!” माझा जळफळाट होई.

“ताबा माझा,” शेट म्हणाले. “खरेदीखत बघा.”

“कागदावरचा ताबा निराळा, वहिवाटीचा निराळा,” काकूंचे वकील म्हणाले.

शेटना कर्ज देणाऱ्या बँकेचे साहेब म्हणाले, “इमारत आमच्याकडे तारण आहे. हप्ते थकले तर ताबा आमचा.”

विद्वत्तेला असा पूर आला होता. आत अडकलेल्या शिवणयंत्रावाचून काकूंची चूल कशी पेटावी, हे मात्र कोणत्याच अर्थात बसत नव्हते.

काकू रोज येत, मला उघडत, तेल घालत आणि पुन्हा लावत.

शेटचा माणूस हसे. “काकू, एक उघडून काय उपयोग? दुसरं आहेच की छातीवर बसलेलं!”

“बसू दे बापडं. माझ्याला गंज चढता कामा नये.”

प्रकरण न्यायालयात गेले, एक पावसाळा उलटला आणि अखेर न्यायालयाने नेमलेले पाहणी अधिकारी आले. मी एका वळशात उघडले. शेटची किल्ली मात्र गंजलेल्या पोलादात अडून बसली.

“शेट, तुमचा ताबा तुम्हालाच उघडेना!” अधिकारी म्हणाले, आणि रोजचा वापर कोणाचा, ते त्यांनी नोंदवले. निकाल लागेपर्यंत दुकान काकूंकडेच राहावे, असा हुकूम झाला. पोलादी महाशयांना करवतीने कापले. मला झालेला आनंद सभ्य नव्हता.

मित्रांनो, ज्या वस्तूवर हक्क सांगाल, तिला रोज हात लावत जा. न जपलेल्या मालकीला गंज लवकर चढतो.

इथेच थांबणे शोभले असते. पण त्या दिवशी दार उघडताच काकूंनी मला खुंटीवर टाकले, धावत जाऊन शिवणयंत्राला गाल लावला आणि तेलाची अख्खी बुदली त्याच्यावर रिकामी केली. माझ्या वाटणीचे तेलसुद्धा.