माझ्यावरचा पहिला ठिपका

मी मेघाच्या डोक्याचा एक्स-रे बोलतेय. फिल्म आहे, म्हणून बाईमाणूस समजा. आणि हो, मी वैतागलेली आहे.

धुळ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. पंधरा वर्षांच्या मेघाचं डोकं यंत्रात घट्ट धरलं, हलू नको म्हणाले, आणि मी निघाले. तिचे पुढचे दात जरा बाहेर आहेत. ते मागे घ्यायला तारा लावायच्या. पण त्याआधी वरच्या दोन चांगल्या दाढा काढायच्या की ठेवायच्या, हे माझ्यावर ठिपके लावून, मोजून ठरणार होतं.

तिथले मोठे डॉक्टर रतिलाल सर, त्यांनी फोनवर कुणाच्या तरी लग्नाचं बोलता बोलता पेन्सिलीने ठिपके लावले. वरच्या ओठामागे हाडाला एक खोलगट वळण आहे. तिथे मी पुसट आहे, मान्य. म्हणून तर थांबून बघायचं! सरांनी ठिपका पुढे लावला. मोजमापात वरचा जबडा आहे त्यापेक्षा पुढे आला, म्हणून दाढा काढायचं ठरलं.

त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर ऋतिकाने हळूच विचारलं, ठिपका जरा मागे हवा का. सर हसले.

"तू दुधाच्या दातांची होतीस तेव्हापासून मी ठिपके लावतोय."

तिने मला पाकिटात सरकवलं. मला मात्र फाटून जावंसं वाटलं.

मेघा दाढा काढायला तयार होईना, म्हणून तिचे आजोबा तोतारामआबा त्यांच्या गावाहून, दोंडाईच्याहून, रेल्वेने तिला जळगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने मला उजेडात धरलं, ठिपके कोणाचे ते विचारलं, सरांचं नाव ऐकलं आणि त्याच ठिपक्यांवर पट्टी ठेवली. आकडे तेच आले. येणारच! त्याने हाड बघितलंच नाही, पेन्सिल बघितली. आमच्याकडे मोठ्यांनी लावलेला ठिपका कोणी हलवत नाही, आणि त्यालाच दोन डॉक्टरांचं एकमत म्हणतात.

आबा खूश. "दोन्ही डॉक्टर एकच सांगतस. आते कसाना इचार?"

आज दाढा काढायचा दिवस. मेघा खुर्चीपाशी उभी राहिली, बसली नाही.

"ताई, हे ठिपके नसते तर तुम्ही कुठे लावले असते?"

ऋतिकाने सरांकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग स्पिरिटचा बोळा घेतला आणि मला स्वच्छ पुसून काढलं.

"सर, फिल्मवर पारदर्शक कागद ठेवून आपण दोघं वेगवेगळ्या कागदांवर ठिपके लावू. एकमेकांचं न बघता."

आबांनी कपाळावर हात मारला. "पोरी, मोठ्या माणसाची परीक्षा घेस का तू?" सर चहाला निघून गेले.

ऋतिकाने तिचा कागद भरून उलटा ठेवलाय. दुसरा कोराच आहे. मेघा अजून उभी आहे, तोंड मिटून.

सर, चहा संपला असेल. या आणि मला नीट बघा. मागे लावा, पुढे लावा, पण बघून लावा. ठिपका स्पिरिटने पुसता येतो, दाढ एकदा निघाली की परत येत नाही.