पडणाऱ्या आईचा विमा

"आईला पडायची सवय आहे," असं मी सांगितलं तेव्हा विमा एजंट हसला. मला हसू आलं नाही. गेल्या वर्षी ती डोंगरावरून सायकलसकट घसरली आणि खांद्याचं हाड मोडून घरी आली. तिची अंघोळ, तिची वेणी, तिच्या शर्टाची बटणं, सगळं मी केलं, तेही बिनपगारी रजा काढून. आणि हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर ही बाई पहिल्याच रविवारी पुन्हा डोंगरावर. कानाला खडा लावणं वगैरे आमच्या घरात फक्त मलाच जमतं.

आई टपाल खात्यातून निवृत्त झाली. आयुष्यभर तिने चढावरच्या वस्त्यांमध्ये सायकलवरून पत्रं वाटली. निवृत्तीनंतर माणसं झाडं लावतात, भिशी सुरू करतात. हिने जाड टायरची माउंटन बाइक घेतली. आता ती निम्म्या वयाच्या पोरापोरींबरोबर दगडधोंड्यांच्या पायवाटांवरून सुसाट खाली येते. ती पोरं तिला 'टपाल' म्हणतात आणि तिला ते आवडतं.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही दात घडवतो. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने मला अख्खा विभाग सांभाळायला बोलावलं होतं. अशी जागा माझ्या कामात एकदाच येते. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पण मी तिकडे गेले आणि ही इकडे पडली, तर तिला घास कोण भरवणार? म्हणून मी ठरवलं, दवाखान्याचा खर्च देणारा आणि हाड जुळेपर्यंत घरी मदतीला बाई पाठवणारा विमा मिळाला तर मी जाईन. नाहीतर नाही.

तर एजंट. त्याच्या मागे भिंतीवर छत्रीखाली हसणाऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र होतं.

"सायकलवरची दुखापत आहे ना, आहे," तो म्हणाला. "कच्च्या वाटेवरचीसुद्धा आहे. फक्त नैसर्गिक उतारावरून खाली येणं तेवढं वगळलंय."

"म्हणजे चढताना पडली तर पैसे देणार?"

"हो, पूर्ण."

"चढताना कोण पडतं हो? चढताना दम लागतो, माणूस थांबतो."

"तसं लिहिलंय ताई. मी काय करू?"

"मग वर गेल्यावर तिने करायचं काय? तिथेच घर बांधायचं?"

त्याने खरोखरच विचार केला. "सायकल हातात धरून चालत खाली यायचं."

आई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. "चालतच यायचं तर सायकल वर कशाला नेऊ?" ती म्हणाली. "तुझी छत्री घेऊन जाईन की."

पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी फोनच लावत बसले. एकाने वय विचारलं. बासष्ट म्हटल्यावर म्हणाला, आजींना रोज सकाळी फिरायला जायला सांगा, तब्येत छान राहते. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी मला घराच्या आगीचा विमा विकायला लागला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथे गाढवंही पाय मागे घेत होती. प्रयोगशाळेत माझ्या हातून एक दाढ वाकडी झाली. अशी चूक माझ्याकडून कधी होत नाही.

त्यात दादाचा फोन. माझा मोठा भाऊ दुसऱ्या देशात राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो.

"सायकल विकून टाका," तो म्हणाला. "विषय संपला."

"तू येऊन वीक. ती सायकलला हात लावू देत नाही."

"आणि तू जाणारच आहेस का? नाही, जा, मी नको म्हणत नाही. पण तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नसते, एवढंच."

एवढंच! त्याची झोप शाबूत राहावी म्हणून मी इथे. मी फोन ठेवून दिला. नंतर त्याने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं, तेही मी पुसून टाकलं.

शेवटी आईच्या टोळीतल्या एका पोरीने मार्ग दाखवला. डोंगर भटकणाऱ्यांची एक संघटना आहे, तिच्या सभासदांना सामूहिक विमा मिळतो. वयाची अट पासष्टपर्यंत. चढ चालतो, उतार चालतो, दगड चालतात. दवाखाना आहे आणि घरी मदतीला बाईसुद्धा आहे, चांगली दोन महिने. मी वाचत होते आणि मला चक्क रडू येत होतं. हो कळवायचा मजकूरसुद्धा मी मनात जुळवून टाकला. मग एका ओळीवर अडकले आणि लगेच त्यांना फोन केला.

"घरात जवळचा प्रौढ नातेवाईक राहत असेल तर घरगुती मदत मिळत नाही," पलीकडची बाई म्हणाली. आवाज फार गोड होता.

"का?"

"कारण मग मदत घरातच उपलब्ध असते ना मॅडम."

"मी नोकरी करते. मी उपलब्ध नाही."

"तरी आपण प्रौढ नातेवाईक आहात."

"आणि माझ्याऐवजी माझा भाऊ राहत असता तर?"

"तेही प्रौढ नातेवाईकच."

"त्याला वेणी घालता येते का, हे विचारता का तुम्ही?"

तसा रकाना आमच्याकडे नाही, ती म्हणाली. मी सांगितलं की मी गाव सोडून जाणार आहे. मग गेल्यावर अर्ज करा, ती म्हणाली, अर्जाच्या दिवशी घरात कोण राहतं तेच आम्ही बघतो. पण विमा झाल्याशिवाय मी जाऊ शकत नाही, मी म्हणाले. ती म्हणाली, मी समजू शकते. डोंबल समजत होती! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी घरात आहे म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून मी घरात. इतकी वर्षं आईचा विमा मीच होते, आणि त्या कंपनीला ते माझ्याआधी कळलं होतं.

मी आईवर जाऊन आदळले आणि ती अट तिला ऐकवली. ती बैठकीच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सायकलच्या साखळीला तेल देत बसली होती.

"एक वर्ष," मी म्हणाले. "फक्त एक वर्ष सायकल बंद ठेव. माझं तिकडे बस्तान बसू दे."

"नाही जमणार."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"तुझ्यासाठी मी काय काय केलं, ते काढू का आता?" तिने चिंधी खाली ठेवली. "तू जा ना. मी धरून ठेवलंय का तुला?"

"मग पडू नकोस!"

"ते माझ्या हातात नाही."

"सायकल चालवणं आहे ना हातात?"

"आहे. म्हणून तर चालवते. घरात मोडक्या खुर्चीसारखं जपून ठेवायला मी काही सामान नाही." तिचाही आवाज आता चढला होता. "आणि खरं सांग, तू माझ्यासाठी विमा शोधतेस की तुझ्यासाठी परवानगी? पहिला म्हणाला उतार नाही, दुसरा म्हणाला वय. दर वेळी घरी येऊन किती तावातावाने सांगायचीस. नाही मिळाला की तुझा जीव भांड्यात पडतो, हे दिसतं मला."

मला ते तेल भिंतीवर फेकावंसं वाटलं. कारण त्यातलं निम्मं खरं होतं. नव्या जागेत माणसं कशी असतील, मला जमेल का, याची मला भीती वाटत होती, आणि आईचं हाड हे फार सोयीचं कारण होतं. पण उरलेलं निम्मं खोटं होतं, आणि त्या निम्म्यासाठी मी तिला वाटेल ते बोलले. स्वार्थी म्हणाले. म्हातारी म्हणाले. आपलेच दात आपलेच ओठ, पण त्या दिवशी मी चावायचं काही सोडलं नाही.

आई उठली. हात पुसले. माझा फोन टेबलावर होता, तो उचलून तिने त्याच नंबरवर परत लावला आणि आवाज मोठा केला.

"मला सभासद व्हायचंय आणि विमा घ्यायचाय," ती म्हणाली. "आत्ता."

तीच गोड बाई होती. संभाषण रेकॉर्ड होईल, ती म्हणाली. करा, आई म्हणाली. बाईने वय विचारलं, सायकल कोणती ते विचारलं. हेल्मेट वापरता का? वापरते. आधीची दुखापत? आईने खांद्याचं हाड सांगितलं, दोन बोटं सांगितली, आणि मला ठाऊकच नसलेली एक बरगडीसुद्धा सांगितली. काही लपवलं नाही.

"घरात आणखी कोण राहतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"मुलं?"

"दोन आहेत. दोघंही बाहेर असतात."

"म्हणजे आजच्या तारखेला आपण एकट्याच राहता?"

"आजच्या तारखेला एकटीच."

बाईने धन्यवाद दिले, पैसे कसे भरायचे ते सांगितलं, विमा आजपासूनच लागू होईल म्हणाली. आईने फोन माझ्या हातात दिला.

"अगं, खोटं बोललीस!" मी ओरडले. "रेकॉर्ड झालंय ते. उद्या पडलीस तर हेच ऐकवून हात वर करतील. घरात मुलगी होती म्हणतील, एक पैसा देणार नाहीत!"

"मग खरं कर," आई म्हणाली. "आजची तारीख अजून संपलेली नाही."

तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि सायकल भिंतीला टेकवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी कपाट उघडलं आणि हाताला येईल ते बॅगेत कोंबलं. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. जाताना तिने डोळ्यांत पाणी आणावं, एकदा तरी थांब म्हणावं, असं मला वाटत होतं, आणि ती तसं करत नव्हती म्हणून मी आणखी जोरात कपडे कोंबत होते. सोमवारपर्यंत मैत्रिणीकडे राहायचं, तिथूनच हो कळवायचं, पुढचं पुढे.

"जाते मी," मी दारात म्हणाले.

"जा. आणि पोचल्यावर त्या विम्याच्या लोकांना तुझा नवा पत्ता कळव."

मी बाहेर पाऊल टाकलं आणि मागे कडी लागल्याचा आवाज आला. दिवसाउजेडी आईने आमच्या दाराला आतून कडी कधीच लावली नव्हती. कारण मी परत येणार असायचे.