काळ्या नोटेचं तीर्थ

नोट घंगाळात गेली तेव्हा जांभळी होती, बाहेर आली तेव्हा तव्याच्या बुडासारखी काळी. मुखेडबाहेरच्या माळावर जमलेल्या गर्दीतून एकच हुंकार उठला. कडेवरची पोरंसुद्धा रडायची थांबली.

"बघा!" गर्दीतल्याच एकाची, आधी भस्माच्या ताटात ठेवून मग बुडवलेली ती ओली नोट कुबेरनाथ महाराजांनी चिमटीत धरून वर केली. "हे तुमचं सरकार! तिजोरी रिकामी झाली की नोटेतला जीव जातो. पेपर वाचता का न्हाई? दरसाल तूट! घरात तूट आली तर बाई भांडी मोडीत घालते. सरकार काय मोडीत घालणार? तुम्हाला! उद्याच्या अमावास्येला घराघरातल्या नोटा अशा होतील."

संकट आणि उपाय एकाच पेटीतून काढणारी माणसं फार दयाळू असतात. महाराजही होते. दहा रुपयांना तांब्याची एक कुबेरमुद्रा मिळे. मरायला टेकलेल्या त्या नोटा महाराज स्वतःकडे ठेवून घेत. लोकांचं संकट अंगावर घ्यायची त्यांना सवयच होती.

भज्यांच्या गाड्यामागं उभी असलेली केवळाबाई पदराखालची पिशवी चाचपत होती. बचत गटाच्या बायकांनी शेवयांच्या मशीनसाठी साठवलेला पैसा त्यात होता. मशीनवाल्याला द्यायला म्हणून कालच तिनं तो बँकेतून काढला होता. ती गटाची अध्यक्ष. नोटा काळ्या पडल्या तर बायकांना तोंड तिलाच दाखवायचं होतं.

केवळाबाई भोळी नव्हती. तिचा जन्म आठवडी बाजारात गेला होता, आणि बाजाराचा एक कायदा तिला पाठ होता. फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटेवरून भांडण झालं की बाया एवढंच विचारत, "पावतीवाला घेतो का?" जागेचं भाडं गोळा करणारा पावतीवाला जी नोट घेई ती अख्ख्या बाजारात चाले. त्यानं परत केलेली नोट कुत्रंही हुंगत नसे. आता महाराजांच्या माळावर गाडा लावायचा तर पावती फक्त मुद्रेत फाटत होती. म्हणून भेळवाला मुद्रा घेऊ लागला, पाळणेवाला घेऊ लागला, केवळाबाईही घेऊ लागली. पावतीवाला घेतो म्हणजे नाणं खरं!

आणि गावात नोट मरायला लागलीही होती. सकाळी एका रिक्षावाल्यानं दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला नकार दिला. नोट नको, मुद्रा असली तर बस, म्हणाला. ती पोट धरून चालत गेली. रस्त्यावरचे सगळे नुसते बघत होते.

"आत्या, पिशवी इकडं द्या," सून शिल्पा म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"आन् उद्या काळी झाली तं? बाया मला जित्ती सोडतील का? तुला काय, तुला पगार हाय."

"पगार बी रुपयातच हाय न्, आत्या."

"म्हून तं म्हणते, तुहा बी बदलून घे!"

दिवस कलला. रांग पुढं सरकत होती आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. महाराजांचा चेला बजरंग टेबलाशी नोटा घेत होता. केवळाबाईनं पिशवी टेबलावर ठेवली. इतक्यात शिल्पा थेट घंगाळाजवळ गेली.

"महाराज, ही मही नोट. तुमच्या भस्माच्या ताटात ठेवणार न्हाई. मीच बुडवते."

"थांब! बाईच्या हातानं तीर्थ बाटंल!"

"सकाळी मह्या हातची दोन ताटल्या भजी फुकट हाणली, तव्हा न्हाई बाटलाव?" केवळाबाईच्या तोंडून निघून गेलं.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात नोट पाण्यात जाऊन बाहेरही आली. ओली झाली होती, बाकी होती तशीच जांभळी. मग शिल्पानं महाराजांच्या दर्शनाचं पत्रक बुडवलं. ते बघता बघता काळं ठिक्कर पडलं. तिनं गाड्यावरचं एक भजं बुडवलं. तेही काळं!

"भज्याची बी तिजोरी रिकामी झाली काय?" बाजारात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा किशन ओरडला.

"पाण्यात आयोडीन हाय, किशनभाऊ. जखमेला लावत्यात ते. पिठात स्टार्च असतो, साध्या कागदात बी असतो. त्याला आयोडीन लागलं की काळं पडतं. खरी नोट कापसाची असते, ती पडत न्हाई. महाराज बुडवत्यात ती रंगीत झेरॉक्स."

"मग आमच्या नोटा?"

शिल्पानं ताटाकडं बोट केलं. किशननं ते उपडं केलं. भस्म उडालं, ताटाचा दुहेरी तळ उघडला आणि लोकांच्या खऱ्या नोटा भुईवर पडल्या.

लोक चिडतील असं शिल्पाला वाटलं होतं. पण चेहरे तसेच राखेसारखे राहिले. किशनच हळू आवाजात म्हणाला, "हे समदं खरं, बाई. पण तूट? ती तं खरी हाय न्?"

महाराजांच्या अंगात पुन्हा बळ आलं. "विचारा मास्तरणीला! कोण भरणार तूट?"

शिल्पानं एक मुद्रा उचलली. "मांडव घालणाऱ्यांना पहिल्या दिवशी मजुरी कशात दिली, महाराज?"

"मुद्रेत. मग?"

"त्याच्या आधी कुणी तुम्हाला मुद्रा आणून दिली व्हती का?"

"आमच्याकडं कुठून येणार? हेच काढून राहिलेत," किशन म्हणाला.

"म्हंजे आधी खर्च केली, मागून पावतीला परत घेतली. गेल्या जास्त, परत आल्या कमी. ही महाराजांची तूट. आता ती कुठं हाय, किशनभाऊ?"

किशननं खिसा चाचपला आणि दचकला. "मह्या खिशात!"

"सरकारचं बी तसंच. रुपया काढणारं तेच. पगार, रस्ते, दवाखाने यांवर खर्च करतं, करातून काही परत घेतं. उरलं ते लोकांकडं राहतं, रोख न्हाईतर सरकारी रोख्यांत. कर रुपयातच भरावा लागतो, म्हून रुपया समद्यांला लागतो. आपलं घर रुपया काढत न्हाई, म्हून घराची तूट येगळी."

"मग छापावं की कितीबी!" बजरंग खेकसला.

"न्हाई रे बाबा," केवळाबाई एकदम म्हणाली. "परवा तुह्या महाराजानं खुशीत मुठी भरभरून मुद्रा उधळल्या. बेसन तं तेवढंच व्हतं. दोन मुद्रेची ताटली सांजच्याला पाचला इकली मी."

"हाव, आत्या. सरकारचा पैसा संपत न्हाई, बेसन संपतं. रिकामे हात कामाला लागत असतील तर तूट कामाची. माल नसताना उधळलं की महागाई."

बोलणं चालू असतानाच मांडवामागं जीप सुरू झाली. बजरंगनं टेबलावरची केवळाबाईची पिशवी उचलली. केवळाबाईनं दुसऱ्या बाजूनं असा हिसडा दिला की बंद त्याच्या हातात राहिला आणि पैसे हिच्या. पण नोटांच्या बाकीच्या पेट्या आधीच जीपमध्ये चढल्या होत्या. माणसं धावेपर्यंत महाराजांना आणि बजरंगला घेऊन जीप दिवे न लावता माळ उतरून गेली होती.

पावती फाडणारं टेबल ओस पडलं. भेळवाल्यानं एकदा तिकडं पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाची मुद्रा परत केली. "पावती कोण फाडतंय आता?" बघता बघता माळभर हाच प्रश्न झाला. कालपर्यंत देव मानलेलं तांबं लोकांच्या ओंजळीत नुसतं तांबं होऊन पडलं.

निराधार योजनेचा सगळा पैसा बदलून बसलेली म्हातारी नागाबाई गाड्यापाशी आली.

"केवळे, घेतीस का गं?" तिनं मूठ उघडली.

केवळाबाईनं ताटली भरून भजी दिली. मुद्रा घेतली नाही. मग पिशवी कमरेला खोचून ती शिल्पाच्या मागं पोलीस ठाण्याकडं निघाली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला नागाबाईलाही हाताला धरून तिनं सोबत घेतलं.

जीप अजून सापडलेली नाही. चाकूरकडं कुणी नवे महाराज उतरलेत म्हणतात. तिथली मुद्रा पितळेची आहे.

तेव्हा एवढंच सांगायचं. तुटीवरून जरूर भांडा. पैसा कशावर गेला, कुणाच्या घरात गेला, त्यानं भाव चढले की कुणाला काम मिळालं, हे विचारा. राज्य सरकारला आणि नगरपालिकेला नोटा काढता येत नाहीत, आणि परदेशी चलनातलं कर्जही निराळं, हा फरक ध्यानात ठेवा. हिशेब मागणं आपलं काम आहे. पण हिशेब न सांगता जो नुसती भीती घालतो आणि त्याच दमात तुमच्यापुढं हात पसरतो, त्याच्या हातावर काही ठेवण्याआधी त्याला चारचौघांत, मोठ्यानं, प्रश्न विचारा.