खुर्चीच्या पोटात

मौनीबुवा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात तो आठ वर्षं होता, आणि त्यातली सात तरी तोंडात खिळे धरून. बारीक खिळ्यांची चिमूट गालात ठेवायची, एकेक जिभेने पुढे आणायचा आणि ठोकायचा, ही त्या धंद्याची रीतच. पण बाकीचे कारागीर बोलताना खिळे काढून ठेवत. याचे निघतच नसत, आणि ती समोर असली म्हणजे तर नाहीच.

ती म्हणजे डावरी. मालकांची सख्खी भाची. मशीनवर बसून गाद्यांच्या खोळी शिवायची, डाव्या हाताने कात्री चालवायची आणि उजव्या हाताच्या लोकांना टोमणे मारायची. ती मालकांना मामा म्हणे म्हणून सगळं दुकानच त्यांना मामा म्हणू लागलं होतं. सहा वर्षं दोघं समोरासमोर बसली, डबे एकत्र उघडले, बस चुकली की बरोबर पायी गेली. ती बोलायची, तो ऐकायचा. प्रेम म्हणजे आणखी काय वेगळं असतं? फक्त लग्नाचं विचारायचं राहिलं होतं, आणि ते राहूनच जात होतं.

दुकानाचा एक जुना नियम होता. खुर्ची बंद करण्याआधी आतल्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहायची. पुढे कुणी ती उघडली तर कुणाचा हात होता ते कळावं. दोन वर्षांपूर्वी डावरीच्या मशीनपुढच्या खुर्चीच्या स्प्रिंगा बसल्या, तेव्हा त्याने त्या नव्याने बांधल्या. नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि पेन्सिल हातात होतीच म्हणून की काय, खाली लिहिलं, ‘माझ्याशी लग्न करशील का?’ मग घाईघाईने कापड ठोकून टाकलं.

बेत तसा सरळ होता. जुन्या खुर्च्या उसवायचं काम तिचंच. वर्षभरात सुतळी सैलावेल, ती खुर्ची उलटी करेल, एकटीच वाचेल, आणि नकार द्यायचा असेल तर निदान तोंडावर द्यावा लागणार नाही. घोटाळा एकच झाला. सैल काम करणं त्याच्या हाताला जमेना. दुहेरी सुतळी, दुहेरी गाठ. खुर्ची काही केल्या खचेना. ती रोज सकाळी त्याच्या प्रश्नावर ऐसपैस बसायची आणि संध्याकाळी उठून घरी जायची. मामा आल्यागेल्याला ती खुर्ची दाखवून म्हणायचे की काम असावं तर असं. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका सोमवारी मामांनी सांगितलं की डावरी चालली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याने तिला शिवण विभाग सांभाळायला बोलावलंय, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. आपली खुर्ची ती बरोबर नेणार आहे, तेव्हा तिला नवं निळं कापड लावून दे.

मौनीबुवाची पाचावर धारण बसली. खुर्ची परगावी जाणार, कुणीतरी परका कारागीर ती उघडणार आणि चारचौघांत वाचून दाखवणार. विचारायची वेळ तर टळलीच होती. जी जायला निघाली तिची वाट कशाला अडवायची? आता पुसून टाकावं, झालं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं होताच त्याने खोडरबर खिशात घातला, खुर्ची उलटी केली आणि खालचं काळं कापड उसवायला घेतलं. निघालेले खिळे सवयीने गालात जात होते.

त्याने कापड बाजूला करून सुतळी चाचपली. गाठी त्याच्या नव्हत्या. प्रत्येक गाठ उलट्या बाजूने फिरवलेली होती, आणि अशा गाठी मारणारं माणूस दुकानात एकच होतं.

म्हणजे तिने वाचलं होतं, आणि एका शब्दाने बोलली नव्हती. तो खाली फरशीवर बसला. मामा ज्या मजबुतीचं कौतुक करत होते तीही आपली नव्हे, हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्याचं वाईट वाटून घ्यायलाही मनात जागा उरली नव्हती. पुसायचं तर पुसून टाकू म्हणून त्याने मान आत घातली. त्याच्या ओळीखाली नियमाप्रमाणे तिचं नाव होतं, चौदा महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘हो. पण एकदा तोंडाने विचार.’

“वाचून झालं?” डावरी दारात उभी होती.

मग तिने सगळं सांगितलं. तो आठवडाभर तापाने घरी होता, तेव्हा खुर्चीतली एक स्प्रिंगच तुटली होती. तिने उघडली, वाचलं, आणि त्या दिवशी तिच्याकडून एकही शिवण सरळ आली नाही. उत्तर लिहून तिने खुर्ची पुन्हा बांधली. याच्या कामाला दुसरा हात लागलाय हे याला लांबूनच कळेल, असं तिने धरून चाललं होतं. चौदा महिने वाट पाहिली. शेवटी तिला वाटलं, याने वाचलंय आणि याचं मन बदललंय. म्हणून कारखान्याला अर्ज केला. खुर्चीचं काम त्यालाच द्या, हेही मामांना तिनेच सांगितलं होतं. तेवढी एक शेवटची संधी तिने ठेवली होती.

तो काहीतरी बोलला. तिच्या खुर्चीखाली वाकून बघायची हिंमतच झाली नाही, असं काहीसं.

“आधी खिळे काढ,” ती म्हणाली.

त्याने खिळे तळहातावर काढले. तिनेच ठोकलेले, अकरा होते. मग फरशीवर बसूनच त्याने विचारलं, तोंडाने, अख्ख्या वाक्यात, “माझ्याशी लग्न करशील का?”

“हो. चौदा महिने तेच सांगतेय.”

त्याचा जीव भांड्यात पडला. तिचाही पडला असावा, कारण ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. कारखान्याला उद्या नाही म्हणून कळवते, असं तिने मध्येच सांगितलं. आता कुठेच जायचं नाही, या विचाराने तिला इतकं हलकं वाटत होतं की उठायचंही सुचेना.

मामा जेवून आले आणि उघडी खुर्ची सोडून दोघं खाली का बसलीत म्हणून विचारू लागले. डावरीने नुसतं बोट दाखवलं. मामांनी चष्मा लावला, वाकून बराच वेळ वाचलं, कानावरची पेन्सिल काढून आत काहीतरी खरडलं आणि आपल्या टेबलाकडे निघून गेले. दोघांनी एकदमच खुर्चीत डोकं घातलं. नियमाप्रमाणे नाव होतं, आजची तारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं, ‘तपासले. आता बंद करा.’