धुळं मोजायचं, जळगाव विचारायचं

अभिमननाना चुकले, ते मोजून चुकले. सारा जन्म धुळ्याच्या चार नंबर गल्लीत काढलेला माणूस. तिथल्या गल्ल्या कशा, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ, अन् नावाऐवजी नंबर! जळगावला मुलाकडे येऊन चार दिवस होत नाहीत, तोच देवळातून परतताना नानांनी हिशोब केला: तिसरी गल्ली, डावीकडचं पाचवं घर. आता जुन्या जळगावात गल्ली कुठली अन् बोळ कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. नाना भलत्याच घरात शिरले, बंगईवर झोके घेत बसले आणि आत हाक दिली, "सारिका, च्या टाक वं!" त्या भल्या माणसांनी टाकलाही बिचाऱ्यांनी.

"मी नही चुकनू. तुमनं गाव चुकनं," घरी आल्यावर नाना म्हणाले.

सारिकाला, त्यांच्या सुनेला, हसू आवरेना. मुलगा भूपेंद्र मात्र हसला नाही. "नाना, उद्यापासून एकटं बाहेर पडायचं नाही," असं सांगून तो दीपनगरच्या वीज केंद्रात ड्यूटीला निघून गेला. झालं! नानांनी पिशवी भरली. सोमवारच्या बसनं धुळे.

सारिकाला हे पटेना. तिकडे होतं कोण? सासूबाई गेल्यापासून रिकामं घर. नाना दोनदा चक्कर येऊन पडले, तेही शेजाऱ्यांकडून कळलं. नानांना तिथं एकटं राहू द्यायचं तिला मुळीच नव्हतं.

रविवारी सकाळी ती त्यांना देवळापर्यंत घेऊन गेली. ती याच गल्ल्यांत वाढलेली पोर.

"नाना, धुळं मोजायचं असतं. जळगाव विचारायचं. चार माणसांना विचारलं की घर येतं."

"वाट इचारू? इचारस तो पाव्हना! मी काय पाव्हना शे?"

"मग बसा लोकांच्या बंगयांवर!" सारिकाचंही डोकं फिरलं. "मी जाते घरी. या तुमचे तुम्ही."

आणि खरंच आली की निघून! घरी पोचली तशी जिवाला घोर लागला. पाऊण तास झाला, तास झाला. दारात उभी राहून ती स्वतःलाच शिव्या देत होती. म्हाताऱ्या माणसाला असं भर रस्त्यात सोडतं का कुणी? चपला घालून ती निघणार, तोच कोपऱ्यावर नाना दिसले. सोबत भाजीवाली पुष्पाबाई. नाना घामाघूम, पण ताठ.

"बठ्ठासले इचारं मी," रस्त्यावरच्या साऱ्यांकडे हात फिरवत ते लांबूनच ओरडले. "भूपेंद्रले आठे कुत्रंबी वळखत नही! सोमवारनी बस जाऊ दे. आठेच ऱ्हासू मी."

पुष्पाबाईनं सारिकाला बाजूला घेतलं. तिनं सारिकाला परकरात असल्यापासून पाहिलेलं.

"अगं, हे आबा रस्ताभर विचारत होते, मनी आंडेर सारिकानं घर कोठे शे, म्हणून. मी म्हटलं, लेकीचं घर कसं म्हणतात हे? तुझे वडील तर तू शाळेत असतानाच गेले. म्हणून म्हटलं, आपण स्वतःच पोचवून यावं. कोण गं हे तुझे?"

सारिकानं नानांकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"वडील आहेत माझे," ती म्हणाली.